हरिश्चंद्राख्यान : पोथीपासून पडद्यापर्यंत

१

पुराणकथा ही प्राचीनांची वस्तु असून आधुनिक काळांत तिचा संचार थांबला, असा समज आपल्या संशोधकवर्गांत अजून पुष्कळ रूढ आहे. पोथ्यांचा शोध घेतांना आपण साधारणतः छापखान्याच्या आगमनापाशीं थांबतों. त्यापुढील जें कांहीं असेल तें करमणुकीच्या किंवा बाजाराच्या सदरांत पडतें. संग्रहाच्या सदरांत पडत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, एखादें आख्यान शिळाप्रेसवर किंवा पडद्यावर चढतें तेव्हां त्याचा नवा पाठ निर्माण होतो. हा पाठ पोथींतील पाठाइतकाच नोंदण्याजोगा असतो. आणि तो पोथीपेक्षां कितीतरी लवकर नष्ट होतो.

उदाहरणासाठीं हरिश्चंद्राचें आख्यान घेतलें आहे. या निवडीस दोन कारणें आहेत. वेदवाङ्मयापासून चित्रपटापर्यंत इतका अखंड व इतका बदलता प्रवास दुसऱ्या थोड्याच कथांचा दाखवितां येईल, हें पहिलें. दुसरें कारण स्थानिक आहे. आम्ही राहतों तें नाहूर मुंबईच्या उपनगरांत, भांडुप आणि मुलुंड यांच्यामध्यें आहे. तेथून दक्षिणेस चौथें स्थानक घाटकोपर. रविवर्म्यांचें प्रसिद्ध चित्रमुद्रणालय कांहीं काळ तेथें होतें. पश्चिमेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, आणि त्यांच्या पलीकडे गोरेगांवची दादासाहेब फाळके चित्रनगरी. तेथें १९८८ ते १९९० या वर्षांत दूरचित्रवाणीवर गाजलेल्या महाभारत मालिकेचें चित्रण झालें. म्हणजे ज्या दोन यंत्रांनीं आपल्या देवादिकांना आजचें रूप दिलें, त्या दोन्ही यंत्रांच्या जागा आमच्या घरापासून हांकेच्या अंतरावर म्हणाव्या अशा आहेत. आम्ही मात्र आयुष्यभर पोथ्यांसाठीं नाशिक, पैठण, वाई असे हिंडलों, आणि या शेजाराकडे पाहिलें नाहीं.

२

प्रथम पोथ्यांचा पुरावा पाहूं. ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेंत येणारा हरिश्चंद्र हा आपल्या ओळखीचा सत्यवादी राजा नव्हे. इक्ष्वाकुवंशांतल्या या राजाला शंभर स्त्रिया असून पुत्र नाहीं. नारदाच्या सांगण्यावरून तो वरुणास नवस करितो कीं, पुत्र झाल्यास त्याच पुत्रानें तुझें यजन करीन. रोहित जन्मास येतो. वरुण आपलें देणें मागतो. आणि राजा एकामागून एक सबबी सांगूं लागतो. दहा दिवस होऊं दे, दांत येऊं दे, ते पडूं दे, पुन्हा येऊं दे, मुलगा शस्त्रधारणास योग्य होऊं दे. अखेरीस रोहित स्वतःच रानांत निघून जातो आणि राजाला उदरव्याधि जडतो. पुढें रोहित अजीगर्त नांवाच्या दरिद्री ब्राह्मणाचा मधला मुलगा शुनःशेप शंभर गाईंना विकत घेतो व स्वतःऐवजीं त्याला यूपाशीं उभा करितो. शुनःशेप देवतांची स्तुति करून बंधमुक्त होतो, आणि त्या यज्ञांतला एक ऋत्विज विश्वामित्र त्याला आपला पुत्र मानतो. या पाठांत वचन चुकविणारा राजा आहे, आणि असहायाला आश्रय देणारा विश्वामित्र आहे.

मार्कंडेय पुराणाच्या सातव्या व आठव्या अध्यायांत हें चित्र पूर्णपणें उलटलेलें दिसतें. मृगयेस गेलेल्या राजाच्या कानीं स्त्रियांचा आक्रोश पडतो. त्या स्त्रिया म्हणजे विश्वामित्र तपोबलानें वश करूं पाहत असलेल्या विद्या होत. राजा त्यांच्या रक्षणास धांवतो, ऋषि कोपतो, राजा सर्व राज्य देऊन टाकतो, आणि वर दक्षिणेचें ऋण शिल्लक राहतें. पत्नी शैब्या व बालक रोहिताश्व विकले जातात. राजा स्वतः चांडाळाचा दास होऊन स्मशानीं राहतो. पुत्र सर्पदंशानें मरतो. मातापिता चितेवर चढण्यास सिद्ध होतात, तोंच देवांसह धर्म प्रकट होतो, आणि तो चांडाळ म्हणजे आपणच होतों असें सांगतो. येथें एक अत्यंत हृद्य भाग आहे. अयोध्येची प्रजा मागें ठेवून एकट्यानें स्वर्गास जाण्याचें राजा नाकारतो. पुत्रास गादीवर बसवून, प्रजेला बरोबर घेऊन तो जातो.

देवीभागवताच्या सातव्या स्कंधांत या दोन्ही कथा एकापुढें एक गुंफल्या आहेत. वरुणास फसविणारा आणि सत्यासाठीं सर्वस्व देणारा असा एकच राजा तेथें आपल्यापुढें येतो. पाठचिकित्सक ज्याला संमिश्र पाठ म्हणतात त्याचें हें उत्तम उदाहरण होय. क्षेमीश्वराच्या 'चंडकौशिक' नाटकानें पौराणिक कथा रंगभूमीवर आणिली. नांवावरूनच दिसतें कीं नाटककाराचें लक्ष राजाइतकेंच कोपिष्ट ऋषीकडे होतें. आणि मराठी घरांत जी राणी सर्वांस ठाऊक आहे ती शैब्या नव्हे, तारामती आहे.

तात्पर्य, या आख्यानाचा 'मूळ' आणि 'शुद्ध' असा एक पाठ दाखवून बाकीचे भ्रष्ट म्हणून टाकून देणें शक्य नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें डॉ. वि. सी. सुखठणकर यांच्या संपादनाखालीं आरंभिलेली व १९६६ मध्यें पूर्णतेस गेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति आपल्या सर्वांपुढें आहे. तिच्या संपादकांनीं मूळ संहितेंत न बसणारे श्लोक फेंकून दिले नाहींत. तारांकित करून तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. प्रक्षिप्त भागहि कोणत्या तरी काळाचा, कोणत्या तरी प्रदेशाचा साक्षी असतो, हें त्या पद्धतीचें सार आहे. हीच दृष्टि आम्ही आतां यंत्राच्या पाठांकडे वळवितों.

३

महाराष्ट्रांत देवादिकांचीं रंगीत चित्रें घरोघर नेण्याचें काम प्रथम पुण्याच्या चित्रशाळेनें केलें. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनीं ती १८७८ मध्यें काढिली. पुढें १८९४ मध्यें राजा रविवर्मा यांनीं मुंबईत जर्मन यंत्रें व जर्मन कारागीर आणून शिळाछाप मुद्रणालय उभारलें. घाटकोपरचा उल्लेख वर आलाच आहे. १८९९ च्या सुमारास तें लोणावळ्याजवळ मळवलीस हललें, आणि पुढें फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचें झालें. १९७२ मध्यें तेथें लागलेल्या आगींत मोठा संचय जळाला.

या मुद्रणालयाचें ऐतिहासिक महत्त्व चित्रकलेपुरतें नाहीं. पोथी लिहिणारा लेखक एका वेळीं एकच प्रत करितो, आणि प्रत्येक प्रतींत कांहीं ना कांहीं भेद शिरतो; म्हणून पोथीपरंपरेंत एका कथेचे अनेक पाठ शेजारीं शेजारीं नांदूं शकतात. दगडावरून निघणाऱ्या हजारों प्रती एकमेकींसारख्याच असतात. त्यामुळें चित्रकारानें निवडलेला एक क्षण, एक वेष, एक चेहरा सर्व प्रांतांत एकदमच पसरतो आणि बाकीचीं रूपें मागें पडतात. रविवर्म्यांनीं हरिश्चंद्राच्या कथेंतून राज्यभ्रष्ट कुटुंबाच्या वियोगाचा प्रसंग रंगविला. ऐतरेयांतला सबबी सांगणारा राजा कोणाच्याहि भिंतीवर लागला नाहीं. भिंतीवर लागला तो त्यागी पति, व्याकुळ पत्नी आणि अजाण बालक. पोथ्यांत शतकानुशतकें टिकलेला पाठभेद भिंतीवर एका पिढींत संपला.

४

आतां पश्चिमेकडे पाहणें अवश्य आहे. कारण यंत्र तिकडून आलें, आणि यंत्रावर पुराणकथा कशी चढवावी याचा धडाहि तिकडूनच आला.

आधुनिक युरोप व अमेरिका यांच्या कलांत पुराणकथा सर्वत्र आढळतात. वाग्नरनें जर्मन व नॉर्स आख्यानांवरून रचलेलें चार संगीतनाटकांचें चक्र १८७६ मध्यें बायरॉइट येथें प्रथम संपूर्ण सादर झालें. जेम्स जॉइस यानें १९२२ च्या 'युलिसिस' कादंबरींत डब्लिन शहरांतला एक सामान्य दिवस होमरच्या ओडिसीच्या सांच्यावर बसविला. नॉर्स लोकांचा मेघगर्जनेचा देव थॉर १९६२ मध्यें अमेरिकन चित्रकथांचा नायक झाला, आणि पुढें चित्रपटांचाहि. जोसेफ कॅम्बेल या पंडितानें १९४९ मध्यें नाना देशांच्या वीरकथांतून एकच सांचा काढून दाखविला; १९७७ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटाच्या कर्त्यानें त्याचें ऋण मान्य केलें आहे.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. झ्यूस, ओडिन, थॉर यांची पूजा आज तेथें परंपरेनें चालत आलेली नाहीं. त्यांचीं देवळें ओस पडून हजार-दीड हजार वर्षें लोटलीं. म्हणून त्यांच्या कथा कवीला मोकळ्या सांपडतात. त्यांत हवा तो फेरफार करितां येतो आणि कोणाच्या श्रद्धेस धक्का लागत नाहीं. अशा कथांना आम्ही या लेखापुरतें 'उत्तरपूजा झालेल्या कथा' म्हणतों.

पण पश्चिमेकडे दुसराहि एक प्रकार आहे, आणि तो आपले लेखक बहुधा विसरतात. ख्रिस्ताची कथा तेथें पूजेंतली आहे. बव्हेरियांतल्या ओबरअमरगाउ या खेड्यांत १६३४ पासून ख्रिस्ताच्या अंतकाळाचें नाटक नवसाप्रमाणें होत आलें आहे, आणि तें गांवकरीच करितात. चित्रपटाचें यंत्र निघतांच अगदीं आरंभींच्या वर्षांत फ्रान्स व अमेरिका येथें ख्रिस्तचरित्राच्या चित्रफिती निघाल्या. या फितींना कथा मोकळी नव्हती. प्रेक्षकाला प्रत्येक प्रसंग पाठ होता. प्रसंगांची मांडणी चर्चमधल्या चित्रांवरून त्याच्या डोळ्यांत ठसलेली होती. आणि पाहणें हा थोडा फार दर्शनाचाच प्रकार होता.

१९१०-११ च्या सुमारास मुंबईच्या एका तंबूवजा चित्रगृहांत अशीच एक ख्रिस्तचरित्राची फीत धुंडिराज गोविंद फाळके यांनीं पाहिली, आणि त्यांना राम व कृष्ण डोळ्यांपुढें दिसूं लागले, असें त्यांनींच पुढें 'नवयुग' मासिकांतील लेखांत सांगितलें आहे. हा प्रसंग बहुतेकांस ठाऊक असतो. त्यांतलें मर्म मात्र सहसा सांगितलें जात नाहीं. फाळक्यांना जो नमुना मिळाला तो झ्यूस-थॉरच्या मोकळ्या कथेचा नव्हे, ख्रिस्ताच्या पूज्य कथेचा मिळाला. आपल्याकडील चित्रपट पुढें ज्या वाटेनें गेला ती वाट येथेंच ठरली. १९१७ च्या 'लंकादहन' चित्रपटांत राम दिसतांच प्रेक्षक हात जोडीत, आणि १९८७-८८ मध्यें रामायण मालिकेच्या वेळीं लोक दूरचित्रवाणी संचाला हार घालीत, या गोष्टी परस्परांपासून दूर नाहींत. उत्तरपूजा न झालेल्या देवतेसमोर प्रेक्षक तसाच वागतो.

५

फाळके त्र्यंबकेश्वरचे, शास्त्री घराण्यांतले. जन्म ३० एप्रिल १८७०. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व बडोद्याच्या कलाभवनांत त्यांचें शिक्षण झालें, आणि रविवर्म्यांच्या मुद्रणालयासाठीं छायाशिळामुद्रणाचें कामहि त्यांनीं केलें. म्हणजे पोथी, शिळाप्रेस आणि चित्रपट हीं तिन्ही एका माणसाच्या आयुष्यांत एकत्र आलीं. १९१२ मध्यें ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले; दादर येथील आपल्या राहत्या जागेंत त्यांनीं चित्रपट तयार केला; आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. लांबी सुमारें ३७०० फूट, रिळें चार. दत्तात्रय दामोदर दाबके हे हरिश्चंद्र, अण्णा साळुंके नांवाचा तरुण तारामती, आणि फाळक्यांचेच चिरंजीव भालचंद्र हे रोहिदास झाले होते.

या चित्रपटाची पोथीशीं तुलना केली असतां पाठभेद स्पष्ट दिसतात.

आरंभ. पुराणांत राजाच्या राज्यसुखाचें वर्णन आहे. चित्रपटांत राजा राणीसमक्ष मुलाला धनुर्विद्या शिकवितो. भिंतीवरच्या छापचित्रानें तयार केलेलें कुटुंब येथें हालूं लागलें आहे.

विश्वामित्राचा आश्रम. पुराणांत आक्रोश करणाऱ्या विद्या आहेत. चित्रपटांत त्यांच्या जागीं तीन शक्ति आल्या असून त्या होमाच्या ज्वाळांत दिसतात. विद्या ही ऐकावयाची वस्तु. मूकपटांत आक्रोश ऐकूं येत नाहीं. ज्वाळेंतून उठणारी आकृति मात्र कॅमेऱ्याच्या युक्तीनें दाखवितां येते. हा भेद यंत्रानें घडविला असें आम्हांस वाटतें.

तारामतीवरील आरोप. पुराणांत मातापिता मृत बालकासह चितेवर चढूं लागतात. चित्रपटांत राणीवर काशीच्या राजपुत्राच्या वधाचा आळ येतो आणि तिचा शिरच्छेद करण्याची आज्ञा हरिश्चंद्रालाच होते. मार्कंडेयांत हा प्रसंग नाहीं. उत्तरकालीन परंपरेंतून तो आला आहे. उगारलेली तरवार पडद्यावर शब्दांवांचून कळते. चितेपाशींचा धर्मसंवाद कळत नाहीं.

समाप्ति. पुराणांत धर्म प्रकट होतो, चित्रपटांत शंकर. शंकराचें प्रकट होणें फाळक्यांनींच प्रथम कल्पिलें असें आमचें म्हणणें नाहीं; काशीक्षेत्रीं विश्वेश्वर येणें स्वाभाविकच आहे. परंतु निवडीला आणखी एक कारण संभवतें. जटा, चंद्रकोर व व्याघ्रचर्म यांवरून शंकर कोणासहि ओळखूं येतो, कारण तो घरोघर टांगलेला होता. धर्माचें असें ठरलेलें रूप छापचित्रांनीं लोकांस दिलेलें नव्हतें. शिळाप्रेसवर ज्या देवाला चेहरा मिळाला त्यालाच पडद्यावर प्रवेश मिळाला, असें आमचें अनुमान आहे.

आणि एक गळलेला भाग. चित्रपटाच्या शेवटीं विश्वामित्र राज्य परत देतो, बालक जिवंत होतें, आणि कथा सुखान्त होते. प्रजेवांचून स्वर्ग नको म्हणणारा राजा या पाठांत नाहीं. कुटुंब परत मिळालें. अयोध्या मात्र कथेंतून निघून गेली. आमच्या मतें या आख्यानाच्या सर्व पाठभेदांत हा सर्वांत मोठा होय, आणि आजच्या वाचकाला बहुधा ठाऊकहि नसलेला.

पुढें १९३२ मध्यें कोल्हापुरास प्रभात कंपनीनें 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढिला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गाबाई खोटे. एकोणीस वर्षांत तारामतीचें काम पुरुषाकडून सुशिक्षित घराण्यांतल्या स्त्रीकडे आलें, आणि कथेला पुन्हा वाणी मिळाली. पाठ आणखी बदलला. कारण यंत्र बदललें.

६

आतां प्रतींचा प्रश्न. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटाच्या चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें अशीं दोनच रिळें पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत जपलेलीं आहेत. हें संग्रहालय १९६४ मध्यें स्थापन झालें. परंतु १९१७ मध्यें फाळक्यांनीं हेंच आख्यान 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' या नांवानें पुन्हा चित्रित केलें होतें. आणि उपलब्ध रिळें १९१३ चीं नसून १९१७ चीं आहेत, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे.

पोथ्यांशीं व्यवहार असणाऱ्यांना हा पेंच नवीन नाहीं. आदि व अंत शिल्लक, मधलीं पानें गहाळ, पुष्पिका संशयित, आणि कर्त्याच्याच हातची दुसरी प्रत असल्याचा पुरावा : अशा शेंकडों पोथ्या आपण हाताळल्या आहेत. नवल एवढेंच कीं ही 'पोथी' दोनशें वर्षांची नाहीं. शंभर-सव्वाशें वर्षांत ती या अवस्थेस पोहोंचली. वर पाहिलेली तुलनाहि याच मर्यादेंत वाचावी. मधल्या भागाचें कथानक आपल्याला कागदावरच्या वर्णनांवरून घ्यावें लागतें.

याचें कारण द्रव्यांत आहे. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपट ज्या नायट्रेट फितीवर निघत ती झपाट्यानें पेटते, आणि न पेटली तरी कालांतरानें चिकट होऊन भुकटी होते. शिवाय फितींत रुपें असतें. जुन्या फिती वितळवून तें काढून घेण्याचा धंदाच चाले. पुण्यास ८ जानेवारी २००३ रोजीं लागलेल्या आगींत प्रभातच्या काळांतल्या नायट्रेट फितींचा मोठा सांठा गेला. हिंदुस्थानांत निघालेल्या मूकपटांपैकीं आज बोटांवर मोजण्याइतकेच, तेहि बहुधा तुटक, पाहावयास मिळतात. ताडपत्र, भूर्जपत्र आणि हातकागद यांनीं जें शतकानुशतकें संभाळलें, तें सेल्युलॉइडानें एका माणसाच्या आयुष्यांतहि संभाळलें नाहीं.

प्रती नष्ट झाल्या कीं त्यांच्या जागीं दंतकथा येते. 'पहिला चित्रपट' ही कल्पनाच पाहा. दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलीक' १८ मे १९१२ रोजीं, म्हणजे फाळक्यांच्या जवळजवळ एक वर्ष आधीं, त्याच कॉरोनेशन चित्रगृहांत दाखविला गेला होता. तें रंगभूमीवरील नाटकाचें चित्रण होतें, आणि छायाचित्रकार इंग्रज होता, म्हणून पहिलेपणाचा मान बहुतेक इतिहासकार फाळक्यांस देतात. त्या निर्णयाबद्दल आमची तक्रार नाहीं. पण आदिपुरुष एकच असावा, त्यानें घरदार पणास लावावें, पत्नीनें साथ द्यावी आणि अखेर सत्त्वपरीक्षेंतून यश यावें, या सर्व अपेक्षा आपण पुराणांतून घेतों. २००९ मध्यें परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा चित्रपट निघाला, तेव्हां हरिश्चंद्र दाखविणारा माणूसच आख्यानाचा नायक झाला. पश्चिमेकडेहि तंत्रज्ञ, शास्त्रज्ञ आणि शोधक यांच्या चरित्रांना असेंच वीरकथेचें वळण दिलें जातें. आधुनिकांना पुराणकथा लागत नाहीं हें खरें नव्हे. ती ते आपल्याच कारखान्यांतून काढतात.

७

शेवटीं आमच्या घरचीच एक गोष्ट सांगणें भाग आहे. कारण इतरांना उपदेश करण्यापूर्वीं आपला प्रमाद कबूल करावा हें बरें.

नाहूरमधल्या आमच्या जुन्या बिऱ्हाडाची इमारत पाडून नवी बांधावयाची ठरली, तेव्हां सामान आवरण्याचें काम आमच्याकडे आलें. पोथ्या आम्ही एकेक रुमालांत बांधून, नांवाच्या चिठ्ठ्या लावून, स्वतः डोक्यावरून नेल्या. वडिलांची एक पत्र्याची पेटी होती. तींत त्यांनीं तरुणपणीं जमविलेल्या चित्रपटांच्या पुस्तिका होत्या. कथासार, पात्रांचीं नांवें, गाणीं, मागें चित्रगृहाचा शिक्का. त्या आम्ही रद्दींत घातल्या. वजनावर गेल्या. तारांकित श्लोक कां जपावे हें वर्गांत तीस वर्षें शिकविणाऱ्याच्या हातून हें झालें.

एक चित्र मात्र राहिलें : हरिश्चंद्र, तारामती आणि मूल. त्याची चौकट कुजली होती, म्हणून नवी करावयास दिलें. खालची पट्टी डागाळलेली होती. 'ती कापून टाका' असें चौकटवाल्यास आम्हींच सांगितलें. त्या पट्टीवर मुद्रणालयाचें नांव व गांव छापलेलें असतें. आज आमच्यापाशीं तें चित्र आहे, पण तें पुण्याच्या चित्रशाळेचें, मळवलीचें कीं आणखी कोणाचें, हें सांगणारी एकमेव ओळ आम्हीं पैसे देऊन कापवून घेतली. पुष्पिका फाडलेली पोथी आणून देणाऱ्या विक्रेत्यांवर आम्ही किती वेळां रागावलों असूं!

अशा घरांची संख्या उपनगरांत थोडी नाहीं. घाटकोपरपासून मुलुंडापर्यंत जुन्या चाळी व बैठीं घरें पाडलीं जात आहेत, आणि प्रत्येक घराच्या माळ्यावर कांहीं ना कांहीं असतें. नाहूरहून डोंगराखालून बोगदा काढून गोरेगांवच्या चित्रनगरीपाशीं नेणाऱ्या जोडरस्त्याचें कामहि हातीं घेतलेलें आहे. जीं दोन ठिकाणें आम्ही एकाच लेखांत आणलीं तीं आतां खरोखरच जोडलीं जातील. त्याआधीं या पट्ट्यांतला कागद गोळा झाला तर बरें.

म्हणून संग्राहकबंधूंस आमची विनंति अशी.

छापचित्र सांपडल्यास त्याची एकहि कड कापूं नये. खालच्या पट्टीवरील मजकूर, चित्राचा क्रमांक असल्यास तो, आणि पाठीमागची बाजू यांची नोंद पुष्पिकेप्रमाणें अक्षरशः उतरावी. डाग हाहि पुरावाच आहे. गंध, हळद, उदबत्तीचा धूर यांवरून चित्र देवघरांत होतें कीं बैठकींत, हें कळतें.

चित्रपटाची पुस्तिका सांपडल्यास ती नाटकाच्या संहितेइतकी जपावी. मूळ फीत नाहींशी झालेल्या कित्येक चित्रपटांचें कथासार एवढ्याच कागदावर उरलेलें आहे. चित्रगृहाचा शिक्का व विकत घेणाऱ्याची सही, दोन्ही उतरून घ्यावीं.

प्रत्यक्ष जुनी फीत सांपडल्यास मात्र ती घरीं ठेवूं नये, उन्हांत उघडूं नये, ओढून पाहूं नये. ती पेट घेणारी वस्तु आहे. पुण्याच्या संग्रहालयास तत्काळ कळवावें.

आणि सर्वांत महत्त्वाचें, सूचींत या वस्तूंस वेगळें कपाट देऊं नये. हरिश्चंद्राख्यानाच्या नोंदींत मार्कंडेयाची पोथी, 'चंडकौशिका'ची प्रत, छापचित्र आणि पुस्तिका यांचीं नांवें एकाखालीं एक यावींत. तसें झालें तर पुढच्या पिढींतल्या एखाद्या विद्यार्थ्याला एका दृष्टिक्षेपांत दिसेल कीं, राजा केव्हां सबबी सांगत होता, केव्हां सत्यवादी झाला, शैब्येची तारामती झाली, धर्माच्या जागीं शंकर आला, आणि अयोध्येची प्रजा नेमकी कोणत्या पाठांत मागें राहिली.

ती प्रजा म्हणजे आपणच आहों. राजानें तिला एकदां टाकिलें नव्हतें, एवढें तरी पोथ्यांनीं आपल्यासाठीं राखून ठेविलें आहे. इत्यलम्.